फोटो चांगला आला का?

व्हिएन्नाचा एडुआर्ड फॉन येगर हा माणूस मला आवडतो. १८५४ मध्ये त्याने तिथल्या सरकारी छापखान्यातले लहानमोठे खिळे वापरून वाचनाचे नमुने छापून घेतले. चाळिशी लागल्यावर चष्म्याच्या दुकानात बारीक होत जाणाऱ्या मजकुराचं जे कार्ड आपल्या हातात देतात, त्याचा मूळपुरुष हाच. जुन्या कार्डांच्या कडेला जे-१, जे-२, जे-६ असे आकडे असायचे, ते त्याच्याच नावाने. आणि याच येगरने डोळ्याच्या आतल्या पडद्याची चित्रंही काढली. रोग्यासमोर तासन्‌तास बसून, एकेक रक्तवाहिनी न्याहाळत, रंगवत. त्याचा १८६९ चा चित्रसंग्रह आजही समोर आला तर डोळ्यांचे डॉक्टर पान उलटायचं विसरतात. पडदा कसा दिसतो आणि रोग्याला वाचता किती येतं, हे दोन्ही प्रश्न तेव्हा एकाच माणसाच्या टेबलावर होते.

माझ्या काळापर्यंत त्या दोन प्रश्नांच्या दोन खोल्या झाल्या होत्या. मुंबईतल्या ज्या नेत्र रुग्णालयात मी नोकरी केली, तिथे बोळाच्या एका टोकाला अक्षरांचा तक्ता होता आणि दुसऱ्या टोकाला कॅमेरा. तक्त्याच्या खोलीत रुग्ण बोलायचा आणि तिथली माणसं लिहून घ्यायची. माझ्या खोलीत रुग्णाने बोलायचंच नाही, हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि डोळा उघडा ठेवायचा. मी कॅमेऱ्यावर होते. वडिलांचा सांगलीत फोटो स्टुडिओ, त्यामुळे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण घालवायला मी शाळेत असतानाच शिकले होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन मुंबईला आले, तेव्हा त्या रुग्णालयाला डार्करूमचं काम येणारं कुणीतरी हवं होतं. डोळा आतून कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. फिल्म ठाऊक होती, तेवढ्यावर नोकरी मिळाली.

फोटो काढून झाला की बहुतेक रुग्ण हनुवटी उचलून तोच प्रश्न विचारायचे: "ताई, फोटो चांगला आला का?" सांगलीतही गिऱ्हाइकं हेच विचारायची, त्यामुळे पहिल्यांदा मला नवल वाटलं नाही. आमच्या धंद्यात चांगला फोटो म्हणजे रेघ धारदार, कडेपर्यंत उजेड सारखा, मध्ये पांढरा चकाकता डाग नाही. तसा आला असला की मी म्हणायची, "छान आलाय, आजोबा." ते खूश होऊन उठायचे. त्यांना काय विचारायचं होतं हे कळायला मला बराच काळ लागला.

मुळात हा पडदा माणसाला बघायला मिळाला तोच उशिरा. बाहुलीतून आत गेलेला उजेड आला त्याच वाटेने परत फिरतो. तो पकडायला आपण डोकं पुढे केलं की आपल्याच डोक्याने उजेड अडतो. म्हणून बाहुली काळी दिसते. १८५० मध्ये कोनिग्सबर्गला हेल्महोल्ट्झ नावाच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाने काचेच्या पट्ट्या तिरप्या धरून बाजूचा उजेड आत पाठवला आणि त्याच काचांमधून स्वतः आत पाहिलं. जिवंत माणसाचा पडदा त्याला दिसला. त्याच्या तीन वर्षं आधी लंडनला चार्ल्स बॅबेजने, म्हणजे गणकयंत्रवाल्या बॅबेजनेच, असंच एक उपकरण करून व्हार्टन जोन्स या नेत्रवैद्याला दाखवलं होतं. त्यात काही विशेष आहे असं जोन्सला वाटलं नाही. त्यावर मी मनातल्या मनात पुष्कळदा हसले आहे, कारण नव्या यंत्राकडे बघून "याचं काय करायचं?" म्हणणारी माणसं प्रत्येक रुग्णालयात असतात. हेल्महोल्ट्झच्या आधी डोळा बाहेरून निरोगी आणि तरी दृष्टी गेलेली असेल तर त्या आजाराची थट्टा अशी करत की यात रोग्याला काही दिसत नाही आणि वैद्यालाही.

मग वैद्यांना दिसू लागलं. हॉलंडमधल्या युट्रेक्टला डाँडर्सने १८५५ मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा पडद्याच्या तळाशी बारीक गोलसर साके दिसले. ड्रूझेन म्हणतात ते हेच. त्याच डाँडर्सच्या हाताखालच्या स्नेलेनने १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता काढला, तो आजही जगभर भिंतीवर आहे. येगरसारखंच हेही: आजाराची पहिली खूण आणि दृष्टी मोजायची पट्टी एकाच गावात, सात वर्षांच्या अंतराने. १८७४ मध्ये लंडनच्या हचिन्सन आणि टे यांनी म्हाताऱ्या माणसांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध होणाऱ्या पडद्याच्या आजाराचं वर्णन छापलं. १८८५ मध्ये झुरिकच्या हाबने त्याला वार्धक्यातला मॅक्युलाचा ऱ्हास म्हटलं. नाव पुढे जरा बदललं. वार्धक्याचं वय झालं, कारण साठीच्या माणसाला 'म्हातारपणाचा आजार' म्हटलेलं आवडत नाही.

मॅक्युला म्हणजे पडद्याच्या मधला पिवळसर भाग. त्याच्याही मधला खळगा दीड मिलिमीटर रुंद. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरचा कोण ते ओळखणं, तांदळातला खडा दिसणं, बसची पाटी, दहाची नोट की पन्नासची, सगळं त्या दीड मिलिमीटरवर चालतं. बाकीचा पडदा आपल्याला दाराची चौकट चुकवायला आणि अंगावर येणारी रिक्षा टाळायला उपयोगी पडतो. या आजाराचे रुग्ण म्हणूनच बोळातून कुणाचा हात न धरता चालत यायचे आणि माझ्यासमोर बसल्यावर माझ्या कानाकडे बघून बोलायचे. माझ्या तोंडाकडे बघितलं की तोंड नाहीसं व्हायचं, कानाकडे बघितलं की कडेने दिसायचं. सोबत आलेल्या सुनांना वाटायचं की सासूबाई मुद्दाम तुसडेपणा करतात.

फोटोचा धंदा डोळ्यात शिरला तो ब्रिस्टलला. १८८६ मध्ये जॅकमन आणि वेबस्टर या दोघांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो छापला. कॅमेरा माणसाच्या डोक्यालाच बांधला, गॅसचा दिवा लावला आणि अडीच मिनिटं उजेड पडू दिला. अडीच मिनिटं डोळा न हलवता, न मिटता! चित्रात बुबुळावरची चकाकी एवढी आली की पडदा शोधावा लागतो. त्या चकाकीने पुढची चाळीस वर्षं खाल्ली. गेर्लोफने डोळ्यासमोर पाण्याचं भांडं लावून ती मारली. स्वीडनच्या गुलस्ट्रांडने आत जाणारा उजेड आणि बाहेर येणारा उजेड यांच्या वाटाच वेगळ्या केल्या. त्याला १९११ चं नोबेल मिळालं ते डोळ्याच्या प्रकाशशास्त्रासाठीच. त्याच तत्त्वावर नॉर्डेन्सनने झाइस कंपनीसाठी कॅमेरा केला आणि १९२० च्या दशकाच्या मध्यावर तो बाजारात आला. अर्ध्या सेकंदात फोटो. तेव्हापासून पडद्याचा फोटो काढणं हे रोजगाराचं काम झालं. मी बसले त्या खुर्चीची वंशावळ तिथून सुरू होते.

या सगळ्यात माझ्या स्वतःच्या हातून सगळ्यात जास्त झालेलं काम म्हणजे फ्लुरेसिन अँजिओग्राफी, आमच्या बोलण्यात 'एफएफए'. त्याची गोष्ट मला कुणी सांगायला लागलं की अजून ऐकावीशी वाटते. अमेरिकेत इंडियानापोलिसला नोव्होत्नी आणि आल्विस नावाची दोन पोरं वैद्यकीय शिक्षण घेत होती. डोळ्यांच्या खात्यात नव्हे, ते रक्तातल्या प्राणवायूचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरकडे काम करायचे. फ्लुरेसिन हा रंग जर्मनीत बायरने १८७१ मध्येच केला होता. निळा उजेड टाकला की तो हिरवापिवळा चमकतो. या दोघांनी ठरवलं की तो दंडाच्या शिरेत टोचायचा आणि डोळ्यात पोचला की निळ्या उजेडात फोटो काढायचे, म्हणजे पडद्यातलं रक्त वाहताना दिसेल. पहिल्यांदा कुणाला टोचायचं यासाठी नाणं उडवलं. आल्विस हरला. त्याच्या डोळ्याचे फोटो निघाले. डोळ्यांच्या मासिकाने त्यांचा लेख परत पाठवला, आणि शेवटी १९६१ मध्ये तो हृदयविकारांच्या 'सर्क्युलेशन' या मासिकात छापून आला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जगात पडद्याचा असा एकही दवाखाना उरला नाही जिथे नाणेफेक हरलेल्या त्या पोराची पद्धत पोचली नाही.

आमच्याकडे ते काम असं चालायचं. आधी बाहुली मोठी करण्याचे थेंब, पुन्हा थेंब, पुन्हा थांबणं. बाकावर ओळीने बसलेली, डोळे मिटलेली माणसं. मग साधा रंगीत फोटो. मग कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म, समोर निळा फिल्टर, मागे पिवळा. सिस्टर दंडाला रबर बांधून शीर शोधायच्या, मी जॉयस्टिकवर हात ठेवून डोळा लावून बसायची. "सोडलं," असं त्या म्हणाल्या की घड्याळ सुरू. दहा-बारा सेकंद काळोख. मग पडद्यामागचा थर ठिपक्याठिपक्यांनी उजळायचा, लगेच रोहिण्या पांढऱ्या व्हायच्या, मग नीलांच्या काठाने दोन उजळ रेघा. पहिली काही सेकंदं चुकली तर सगळं चुकलं, कारण रंग परत मागे जात नाही आणि त्याच दिवशी पुन्हा टोचता येत नाही. म्हणून सेकंदाला एक चाप. फ्लॅशचा डबा दर वेळी चार्ज होताना शिटीसारखा आवाज करायचा, तो मला अजून ऐकू येतो. अर्ध्या मिनिटाच्या आसपास काहींना मळमळायचं, म्हणून पायाशी टोपली तयार. त्यातून पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी पुन्हा फोटो. जाताना सांगावं लागायचं, "अंग पिवळं दिसेल, लघवी भडक पिवळी होईल, घाबरू नका, कावीळ नाही." तरी दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी मुलगा धावत यायचाच.

फिल्म धुण्याचं काम मिट्ट काळोखात. स्टुडिओत कागद धुताना लाल दिवा चालतो. ही फिल्म सगळ्या रंगांना जागी असते, त्यामुळे तो दिवाही बंद. रिळावर फिल्म बोटांनीच चढवायची. डॉक्टर ओल्या निगेटिव्हचीच वाट बघत उभे असत. भिंगातून एकेक चौकट बघत. मीही त्यांच्याबरोबर बघायला शिकले. या आजाराचे कोरडा आणि ओला असे दोन प्रकार. कोरड्या आजारात ड्रूझेनचे ठिपके हळूहळू उजळतात पण जागा सोडत नाहीत. ओल्या आजारात पडद्याखाली नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्यांचं जाळं लवकर उजळतं आणि मग गळू लागतं. पाच मिनिटांच्या चौकटीत त्याची कड पुसट आणि मोठी झालेली. हा फरक १९६० च्या दशकात मायामीच्या डॉनल्ड गास यांनी जगाला शिकवला. डोळ्यातल्या त्या मधल्या डागाच्या मुळाशी पडद्यामागून शिरलेल्या रक्तवाहिन्या असतात हे त्यांनी याच फोटोंवरून दाखवलं. १९७० मध्ये आलेला त्यांचा मॅक्युलाचा सचित्र ग्रंथ आमच्या वाचनालयात होता आणि त्याच्या पानांना डॉक्टरांच्या बोटांचे डाग होते.

जाळं कुठे आहे ते कळलं. पण त्याचं करायचं काय? तेव्हा उपाय होता लेझर. फोटो समोर ठेवून जाळ्यावर नेम धरायचा आणि ते जाळायचं. मॅक्युलाच्या मध्यापासून दूर असेल तर याचा उपयोग होतो हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने १९८२ मध्ये दाखवलं. मध्याखाली असेल तर लेझरने जाळ्याबरोबर मध्यही जळायचा. मी लेझरनंतरचे फोटो काढायची. काही महिन्यांनी गळती थांबलेली, डागाची कड स्वच्छ, जुन्या नाण्याएवढा पांढरा व्रण. फोटो म्हणून निर्मळ. आणि त्या खुर्चीतला माणूस, ज्याने आधी तक्त्यावरच्या तीन ओळी वाचल्या होत्या, तो आता वरचं मोठं अक्षरही वाकडी मान करून शोधत असे. तेव्हा पहिल्यांदा मी "छान आलाय" म्हणायचं सोडलं. "फोटो नीट आलाय, बाकी डॉक्टर सांगतील," एवढंच म्हणायची.

बोळाच्या दुसऱ्या टोकाचं काय चाललं होतं? तिकडे फार काही बदललं नव्हतं. स्नेलेनचा तक्ता, अक्षर न येणाऱ्यांसाठी चारी दिशांना तोंड केलेला 'ई', आणि रुग्णाने तीन बोटांनी दिशा दाखवायची. या तक्त्यात वर एकच मोठं अक्षर आणि खाली गर्दी, त्यामुळे ज्याची दृष्टी फार खालावली त्याला मोजायला तक्ताच उरत नाही. १९७६ मध्ये मेलबर्नच्या बेली आणि लव्ही यांनी प्रत्येक ओळीत पाच अक्षरं आणि ओळीगणिक ठरावीक प्रमाणात लहान होणारा तक्ता केला. त्यावरून १९८२ मध्ये अमेरिकेत चाचण्यांसाठी जो तक्ता निघाला त्याने अक्षरन्‌अक्षर मोजता येऊ लागलं. औषध काम करतं की नाही याचा निवाडा आजही बहुतेक त्याच अक्षरांवर होतो.

पण मला विचाराल तर या आजारात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कागदाचा एक चौकोन आहे. स्वित्झर्लंडच्या मार्क आम्सलरने तो १९४० च्या दशकात काढला. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरच्या घरांची जाळी, मध्ये ठिपका. एक डोळा झाकून, वाचायचा चष्मा लावून, एका हाताच्या अंतराहून थोडा जवळ धरून ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकल्या, तुटल्या, कुठे धुरकट झाल्या तर पडद्याखाली काहीतरी शिजतंय. याला वीज लागत नाही, थेंब लागत नाहीत, माझ्यासारखी बाईही लागत नाही. आणि इथे चित्र कोण काढतं? रुग्ण. आम्ही त्यांच्या हातात पेन्सिल द्यायचो, दिसतं तसं काढा म्हणायचो. लालबागच्या एका निवृत्त गिरणी कामगाराने काढलेली जाळी मला आठवते. ताण्याबाण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याने प्रत्येक धागा कुठे सुटलाय ते इतकं नेमकं काढलं होतं की डॉक्टरांनी ती जाळी माझ्या निगेटिव्हवर ठेवून पाहिली आणि दोन्ही जुळल्या.

नव्वदच्या दशकात ओसीटीच्या बातम्या येऊ लागल्या. बोस्टनजवळच्या एमआयटीत फुजिमोतो, डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन वगैरे मंडळींनी १९९१ मध्ये प्रकाशाच्या परावर्तनावरून पेशींच्या थरांचा उभा छेद काढून दाखवला. १९९६ मध्ये पहिलं यंत्र विकायला आलं, २००२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली आणि यथावकाश आमच्याकडेही एक आलं. टोचणं नाही, टोपली नाही, काळोख नाही. रुग्ण बसतो, दोन मिनिटांत डोळ्याचा पडदा कापल्यासारखा यंत्राच्या पडद्यावर. ज्या गळतीचा मी दहा मिनिटं पाठलाग करायची, तिचं पाणी आता थेट दिसत होतं: ओल धरलेल्या भिंतीचा रंग फुगून वर यावा तसा पडदा उचललेला, आणि मायक्रॉनमध्ये त्याची उंची लिहिलेली. डार्करूम बंद झाली. मला वाईट वाटलं का? हायपोचा वास नाकातून जायला वर्ष लागलं, पण नाही, वाईट नाही वाटलं. काळोखात रिळावर फिल्म चढवताना नखं तुटतात.

यंत्र आणि औषध यांची गाठ पडली ती २००५ मध्ये, पुन्हा मायामीला, गास यांच्याच जुन्या संस्थेत. ट्यूमरला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रोखण्यासाठी अवॅस्टिन नावाचं औषध आलं होतं, आतड्याच्या कर्करोगावर मान्यता मिळालेलं. फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा अगदी छोटा डोस या आजाराच्या एका बाईच्या डोळ्यात टोचला आणि ओसीटी काढत राहिले. आठवड्याभरात पाणी ओसरलं, मॅक्युलाचा खळगा मूळच्या आकारात आला. दृष्टी मात्र होती तेवढीच राहिली. एका रुग्णाच्या त्या एका फोटोवर जगभरचे डॉक्टर हलले. तक्त्याची वाट बघत कुणी थांबलं नाही. एरवी असल्या घाईचा मला राग येतो, पण इथे घाई करणारे बरोबर होते. त्याच कुळातल्या रॅनिबिझुमॅबची मोठी चाचणी २००६ मध्ये छापून आली: ७१६ रुग्ण, दर महिन्याला सुई. वर्षअखेर पूर्ण डोस घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना तक्त्यावर पंधरा किंवा त्याहून जास्त अक्षरं अधिक वाचता आली. नुसतं सोंग म्हणून सुई दाखवलेल्यांत तसे शेकडा पाच. या आजारात दृष्टी परत येते हे वाक्य तोवर आम्ही कुणी उच्चारलं नव्हतं. आमच्याकडे अर्थातच पैशाचा प्रश्न आला. अवॅस्टिनच्या एका बाटलीतून अनेकांचे डोस काढायचे म्हणून रुग्ण एकाच दिवशी बोलवायचे, आणि डोळ्यात सुई म्हटल्यावर अर्धे बाकावरूनच उठून घरी जायचे. २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती आली तेव्हा जरा हायसं झालं.

तरीही बोळाची दोन टोकं जुळली असं म्हणवत नाही. ओसीटीवर पडदा कोरडा, सपाट, आणि रुग्ण म्हणतो, "दिसतं, पण वाचवत नाही." ज्ञानेश्वरीच्या ओवीतलं एक अक्षर दिसतं, पुढचं गळतं. तक्ता एकेक अक्षर विचारतो, ओवी सगळी अक्षरं एकदम मागते. वाचनाचा वेग मोजायला आमच्याकडे वर्तमानपत्र होतं: मथळा, मग बातमी, मग छोट्या जाहिराती. दुसरी एक तक्रार त्याहून चकवणारी. तक्त्यावर ६/६ वाचणारी माणसं सांगायची की नाटकाला गेलो, दिवे गेले, खुर्ची सापडेना. पुढे अमेरिकेतल्या क्रिस्टीन कर्सिओ आणि सिंथिया औस्ली यांच्या कामातून कळलं की या आजारात काळोखातल्या पेशी आधी मंदावतात, तक्त्यावर वाचणाऱ्या पेशी मागाहून. रंगीत फोटोत चार ठिपके, तक्त्यावर पूर्ण दृष्टी, आणि माणूस रंगमंदिरात चाचपडतो. त्याला फोटोही साक्ष देत नव्हता आणि तक्ताही.

काहीजण आणखी एक गोष्ट सांगायचे, पण दार लावून घेतल्यावर. भिंतीवर वेलबुट्टी दिसते, अंगणात अनोळखी मुलं उभी असतात, बोलत नाहीत, जवळ गेलं की जातात. घरच्यांना सांगायची सोय नाही, कारण मग एकतर बाधा झाली म्हणतील नाहीतर डोकं फिरलं. १७६० मध्ये जिनिव्हाच्या चार्ल्स बॉने यांनी आपल्या दृष्टी गेलेल्या, पण शुद्धीत असलेल्या आजोबांबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलं आहे, आणि हा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पडद्याकडून बातमी येईनाशी झाली की मेंदू स्वतःच्या चित्रांनी ती जागा भरतो. हे मला डॉक्टरांनी समजावलं, मी बाकावरच्या कितीतरी आज्यांना समजावलं. "म्हणजे मी वेडी नाही ना?" हा प्रश्न ऐकला की मला फोटोचा प्रश्न फार सोपा वाटायचा.

दोन्ही खोल्या एकाच यंत्रात आणायचा प्रयत्न झालेला आहे. मायक्रोपेरिमेट्री म्हणतात त्याला. कॅमेरा पडदा बघत राहतो, डोळा हलला तर मागोमाग हलतो, आणि पडद्याच्या ठरावीक बिंदूवर मंद ठिणगी टाकतो. दिसली तर रुग्णाने बटण दाबायचं. शेवटी पडद्याच्या फोटोवरच प्रत्येक जागेची दृष्टी लिहून येते. यात मला आवडलेला भाग वेगळाच: कानाकडे बघून बोलणारी माणसं पडद्याचा कुठला कोपरा नवा मध्य म्हणून वापरतात, तो इथे ठिपक्यांच्या पुंजक्याने उमटतो. मध्य गेल्यावर डोळ्याने आपलं बिऱ्हाड कुठे हलवलं त्याचा पत्ता.

माझ्या निवृत्तीनंतरची भांडणं मी वाचत असते. कोरड्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात मॅक्युलाचे तुकडे मरतात आणि मेलेली जागा वर्षाला साधारण दीड-दोन चौरस मिलिमीटरने पसरते. पडदा स्वतःच्या चमकेने उजळतो तो फोटो, ज्याची पद्धत लंडनच्या मूरफील्ड्सने १९९५ मध्ये रुळवली, त्यात ही जागा काळी कुट्ट दिसते आणि तिचं क्षेत्रफळ मोजता येतं. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने पेगसेटाकोप्लान या औषधाला मान्यता दिली, कारण फोटोतला काळा डाग पसरण्याचा वेग त्याने कमी होतो. दोन वर्षांनंतर तक्त्यावर मात्र औषध घेतलेले आणि न घेतलेले यांत फरक नव्हता. युरोपच्या औषध संस्थेने २०२४ मध्ये त्याच औषधाला नकार दिला: डाग हळू पसरला तरी रुग्णाच्या रोजच्या जगण्यात फायदा दिसत नाही, आणि डोळ्यात वारंवार सुईचा धोका आहेच. अटलांटिकच्या दोन काठांवर फोटो तेच, आकडे तेच.

मी लेझरचे व्रण बघितलेली बाई, त्यामुळे माझा कल आपसूक युरोपकडे जायला हवा. पण तो पूर्ण जात नाही. काळा डाग पुष्कळदा मध्याच्या भोवतीने कडं करून वाढतो आणि मधला ठिपका शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. अशा माणसाला तक्त्यावर अक्षरं येतात आणि ओवी येत नाही, हे मी वर सांगितलंच. त्याचा डाग दोन वर्षं हळू वाढला तर तक्ता काहीच बोलणार नाही. बोलेल तो सहाव्या-सातव्या वर्षी, जेव्हा कडं मिटायचं राहिलेलं असेल किंवा मिटलेलं असेल. तेवढी वर्षं चाचणी सहसा चालत नाही. म्हणून माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, ज्यांना हाच आजार आहे, विचारलं तेव्हा मी त्यांना औषधाचं सांगण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारायला लावलं की डाग मध्यापासून किती लांब आहे, आणि तो फोटो मागून घेऊन घरी ठेवायला सांगितला, पुढच्या वर्षीच्या फोटोशेजारी लावून बघता यावा म्हणून.